ते वळण मी टाकलं नव्हतं

तीस वर्षं मी एका सरकारी कार्यालयात आरेखक होतो. कालवे, पूल, मोऱ्या यांचे नकाशे काढायचो. नकाशा मी काढायचा, रात्रंदिवस डोळे फोडायचे, आणि खाली सही साहेबांची. बैठकीत साहेब तो नकाशा पसरून म्हणायचे, "मी असा विचार केला आहे." मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचो. घरी आल्यावर बायकोजवळ चिडचिड करायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय मला नाही.

निवृत्त झालो तेव्हा नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या घराची वरची खोली रिकामी होती. मुलगी लग्न होऊन गेली होती. त्या खोलीत मी छोटी रेल्वे उभारायचं ठरवलं. लहानपणी मामाच्या गावाला जाताना नागभीडकडे जाणाऱ्या छोट्या लाइनच्या गाडीनं जायचो. गाडी इतकी हळू चालायची की माणसं उतरून लघवीला जाऊन परत चढायची, असं मामा सांगायचा. ती लाइन आता बंद झाली, मोठी करायला घेतली. रूळ उचलले जाऊ लागले तसं मला वाटलं, एक तरी स्टेशन आपण राखावं. फलाट, पाण्याची टाकी, चिंचेचं झाड, आणि स्टेशनात शिरणारं एक लांब वळण.

नकाशा काढण्यात मला दोन महिने गेले. ग्राफ पेपरवर दर सेंटिमीटरला विचार. माझ्या छोट्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. इंजिन परदेशातून भाच्यानं आणलं, रुळाच्या पितळी रंगाच्या बारीक काड्या कोलकात्याहून टपालानं मागवल्या. तयार रूळ मिळतात, पण मला रुळाखालचे ते प्लॅस्टिकचे आडवे स्लीपर नको होते. आरा मशीनवरून सागवानाचे तुकडे आणले आणि त्यातून काडेपेटीच्या काडीएवढे स्लीपर कापायला बसलो.

स्लीपरची मापं घ्यायला मी उमरेडच्या बाजूला, उचललेल्या लाइनजवळ गेलो होतो. जुलै महिना होता. जुन्या लाकडी स्लीपरचा ढीग पडला होता आणि मी टेप लावून एकेकाची लांबी लिहून घेत होतो. मागून आवाज आला.

"काय मोजून राहिले जी?"

वळून पाहिलं तर सत्तरीच्या पुढचा एक माणूस. उंच, काळासावळा, पायात रबरी चप्पल, हातात छत्री.

"स्लीपर," मी म्हटलं.

"काहून? ठेका घेतला का?"

"नाही हो. घरी छोटी गाडी करून राहिलो. मॉडेल."

त्यांनी माझ्या वहीत डोकावून पाहिलं. "लांबी मोजून काय होते? दोन स्लीपरमधलं अंतर पाहा. जॉइंटपाशी थे जवळ-जवळ असतात, मधात दूर-दूर. तुमच्या कागदावर सारे सारखेच हायेत."

ते त्याच लाइनवर कीमन होते. कीमन म्हणजे रोज सकाळी हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतली लाइन पायी चालणारा माणूस. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी प्रत्येक चावी, म्हणजे लोखंडी पाचर, पाहायची, सैल असेल तर ठोकायची, रूळ तडकला असेल तर लाल झेंडी लावून पळत जाऊन कळवायचं. सहा किलोमीटर जायचं, सहा किलोमीटर यायचं. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. सक्करदऱ्याला तलावाच्या मागं राहायचे. बस पकडून कधीमधी इकडे येत आणि उचललेली लाइन पाहून परत जात. काहून येता, असं मी विचारलं तर म्हणाले, "घरी बसून काय करू?"

मी त्यांना घरी या म्हटलं. येतील असं वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी आले.

मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला साहेब. साहेब म्हणू नका असं मी एकदाही म्हटलं नाही. ते मला आवडायचं. तीस वर्षांत मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं.

वरच्या खोलीत त्यांनी माझा नकाशा भिंतीवर पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "चित्र झकास हाय," म्हणाले. मग मी टाकलेल्या पहिल्या वळणाकडे वळले. त्या वळणावर माझं इंजिन दर दोन फेऱ्यांनी घसरायचं. मी चाकं बदलली होती, वेग कमी केला होता, तरी घसरायचंच.

"दोरा हाय का घरी? शिवणाचा?"

बायकोनं दोऱ्याचं रीळ दिलं. त्यांनी वीस सेंटिमीटर दोरा मोजून कापला. त्याची दोन्ही टोकं वळणाच्या बाहेरच्या रुळाला आतून टेकवून मला धरायला लावली आणि बरोबर मध्यावर, दोऱ्यापासून रुळापर्यंत पट्टी लावली. "आठ मिलिमीटर. लिहा." मग दोरा थोडा पुढं सरकवला. "आठ." पुन्हा पुढं. "अकरा." पुन्हा. "सहा." माझ्याकडे पाहून हसले. "वळण डोळ्याले गोल दिसते साहेब, पण हाय नाही. गाडी इथंच पडते ना?" गाडी तिथंच पडायची.

त्या दिवशी मी माझं वळण उखडलं. पुढचे सहा महिने ते आठवड्यातून तीन-चार दिवस यायचे. सकाळी दहाला यायचे, चारच्या बसनं जायचे. त्यांनी वळण सुरू होण्याआधी रूळ हळूहळू वाकवत न्यायला शिकवलं, सरळ रेषेतून एकदम गोल शिरायचं नाही. बाहेरचा रूळ जरासा उचलायचा, त्यासाठी आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या खाली घातल्या. रूळ घट्ट बसावा म्हणून सीताबर्डीतून पीसीबीच्या, म्हणजे रेडिओत असतात तशा तांब्याचा थर असलेल्या, पट्ट्या आणल्या आणि दर पाचव्या लाकडी स्लीपरऐवजी एक पट्टी घालून तिला रूळ डाख देऊन जोडला. डाख मी द्यायचो, पण रूळ बसवायचे ते. प्रत्येक जॉइंटला पोस्टकार्डाचा तुकडा घालायचे, रूळ बसवला की काढून घ्यायचे.

"इतकी फट कशाला?" मी विचारायचो. "दिसायला वाईट दिसते."

"मे महिन्यात याले जागा लागन."

जेवायला आम्ही तिघं खाली बसायचो. माझी बायको त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलायची. त्यांच्या वडिलांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, तेव्हा हे सहा-सात वर्षांचे होते, असं त्यांनी तिलाच सांगितलं. मला नोकरीतल्या गोष्टी सांगायचे. मी त्यांना माझ्या सांगायचो. नकाशाखालच्या सह्यांची गोष्ट मी त्यांना किमान तीनदा सांगितली असेल. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "हे तं बरं नाही केलं त्यायनं."

जानेवारीत शहरात छंद जोपासणाऱ्या लोकांचं एक प्रदर्शन भरलं. नाणी, तिकिटं, विमानांची मॉडेलं, आणि पहिल्यांदाच छोट्या रेल्वे. सीताबर्डीजवळच्या एका सभागृहात दोन दिवस. पुण्या-मुंबईहून माणसं येणार होती. आम्ही आमचं स्टेशन तीन तुकड्यांत कापून टेम्पोतून नेलं आणि तिथं जोडलं. जोडताना वळणाचा जॉइंट बसेना, तर भाऊ दीड तास जमिनीवर पालथे पडून ज्या फळीवर सगळं बसवलं होतं तिला खालून चिपा मारत होते.

पहिल्या दिवशी ते पांढरा शर्ट घालून आले. इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. बरोबर त्यांची पत्नी. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. हिरवी साडी, पायात नवीन चपला, चालताना त्या चपला बोचत असाव्यात. भाऊंनी त्यांना टेबलाजवळ उभं केलं आणि हळू आवाजात काहीतरी दाखवत होते. त्या वाकून पाहत होत्या. मग भाऊंनी खिशातून रंगाचा ब्रश काढला आणि रुळांवरची धूळ झाडू लागले.

तेवढ्यात ते आले. रेल्वेतून फार मोठ्या पदावरून निवृत्त झालेले एक इंजिनियर, पुण्याचे, या छंदातले मानलेले माणूस. त्यांच्याभोवती आठ-दहा जण होते, एक वार्ताहरही होता. ते आमच्या टेबलाशी थांबले. एक डोळा मिटून रुळांच्या पातळीवर वाकले आणि वळणाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"वळणाला ट्रान्झिशन दिलंय, रूळ हळूहळू वाकवत नेलाय," ते म्हणाले. "बाहेरचा रूळही उचललाय. सहसा एवढं कोणी करत नाही हो. कोणी टाकलं हे?"

"मीच," मी म्हणालो.

माझी भाषासुद्धा बदलली होती. घरी भाऊंशी बोलतो तशी नाही, शाळेत मास्तरांपुढं बोलावी तशी. तो शब्द तोंडातून गेला तेव्हा थांबायला वेळ होता. 'आम्ही' म्हणता आलं असतं. तोही तेवढाच छोटा शब्द होता.

"सगळं हातानं?"

"हो. सहा महिने लागले."

लोकांनी माना डोलावल्या. वार्ताहर लिहून घेत होता. इंजिनियर साहेब सरळ उभे राहिले आणि त्यांची नजर भाऊंवर गेली. भाऊ ब्रश धरून तसेच उभे होते. "आणि हे कोण?"

मी म्हणालो, "हा? हा आपला माणूस. सुतारकामाला येतो."

सहा महिन्यांत मी त्यांना एकदाही एकेरी बोललो नव्हतो. मनातसुद्धा नाही, असं मला वाटायचं. ते 'हा' कुठून आलं ते मी पुष्कळदा शोधलं आहे. मोठ्या लोकांसमोर मी मोठा दिसावा म्हणून आलं, हे एक. त्यांच्या पायातली रबरी चप्पल, त्यांची बोली, त्यांची जात, यातलं काय काय त्यात होतं हे मी नक्की सांगू शकत नाही. यातलं काहीच नव्हतं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आता तसं सांगत नाही.

साहेब सज्जन होते. भाऊंकडे वळून म्हणाले, "छान. फळी तुम्ही केलीत का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. फार तर दोन क्षण. मग म्हणाले, "हो साहेब. फळी मी केली."

फळी त्यांनी केली नव्हती. ती एका सुताराकडून मी करून घेतली होती, ते पहिल्यांदा घरी आले त्याच्याही आधी.

त्यांची पत्नी त्यांच्या मागंच उभी होती. त्यांनी सगळं ऐकलं. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही. लोक पुढच्या टेबलाकडे सरकले. मी फार मोठ्यानं भाऊंना विचारलं, "चहा घेता का?" ते म्हणाले, "नाही जी." पाच वाजेपर्यंत थांबले. मुलं आली की गाडी चालवून दाखवत होते, धूळ झाडत होते. जाताना म्हणाले, "येतो साहेब." दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तुकडे सुटे करताना मी एका हमालाला मदतीला घेतलं.

पेपरात बातमी आली. वळणावर वाकलेला माझा फोटो, आणि खाली लिहिलेलं की निवृत्त आरेखकानं एकट्यानं, स्वतःच्या हातानं ही लाइन टाकली. भाचे-पुतण्यांचे फोन आले. जुन्या कार्यालयातल्या दोघांनी अभिनंदन केलं. बायकोनं बातमी वाचली, घडी घातली.

"यात भाऊंचं काहीच नाही."

"वार्ताहरानं विचारलं नाही."

"तुम्ही सांगितलं का पण?"

"गर्दी होती गं."

"मी दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तं गर्दी नव्हती," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. प्रत्यक्षात मी काय बोललो होतो ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

सोमवारी भाऊ आले नाहीत. मंगळवारी नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला मन घेत नाही, पण तसंच वाटलं. त्यांच्या डोळ्यांना डोळा द्यावा लागणार नव्हता. तीन आठवड्यांनी मी फोन केला.

"तब्येत बरी आहे ना भाऊ?"

"बरी हाय."

"या मग. यार्डाचं काम सुरू करायचं आहे."

"पाहतो जी."

ते आले नाहीत, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये यार्डाची लाइन मी एकट्यानं टाकली. स्टेशनाच्या पलीकडे चार फूट. मला दाखवायचं होतं. कोणाला, ते ठाऊक नाही. दोरा लावून मापं घेतली, डाख व्यवस्थित दिले. जॉइंटमध्ये फट ठेवली नाही. रूळ एकमेकांना चिकटून बसले की कसे सलग, सुंदर दिसतात, म्हणून नाही ठेवली.

मे महिन्यात नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. वरच्या खोलीवर थेट स्लॅब, दुपारी दाराच्या कडीला हात लावता येत नव्हता. चार दिवस मी वर गेलोच नाही. पाचव्या दिवशी सकाळी कूलरचं पाणी भरायला गेलो तर यार्डाचा रूळ सापासारखा वाकडा झालेला. तीन ठिकाणी डाख उखडले होते, एका जागी रूळ स्लीपरसकट फळीवरून वर उठला होता. भाऊंचं वळण जसंच्या तसं होतं. मी दोरा घेऊन मोजलं. आठ, आठ, आठ, आठ.

त्या संध्याकाळी मी वाकलेल्या रुळाचा एक तुकडा कागदात गुंडाळला आणि सक्करदऱ्याला गेलो. माफी मागायला निघालो होतो असं म्हणणं खोटं होईल. मला रूळ दुरुस्त करायचा होता. चार महिने माफीसाठी पाय उचलले नव्हते, ते रुळासाठी उचलले.

घर दोन खोल्यांचं, निळ्या रंगाचं, दारात कडुलिंब. आत भिंतीच्या कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढं ताजी फुलं. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं. मला ओळखलं.

"भाऊ आहेत का?"

"पीठ आणाले गेले. बसा."

पाणी दिलं. पंख्याखाली खुर्ची सरकवून दिली. स्वतः उंबऱ्याशी बसल्या. मी कागदातला रूळ या हातातून त्या हातात करत होतो. मग त्याच बोलल्या.

"चाळीस वर्षं मले माहीत नव्हतं थे काय काम करतात. पहाटी हातोडा घेऊन जायचे, दुपारी यायचे. लाइन पाहतो म्हणायचे. लाइन काय पाहाची असते, मी म्हणायची. थे म्हणे, चाल एक दिवस, दाखवतो. कधी नेलं नाही. मंग तुमच्या त्या गाडीपाशी घेऊन गेले. म्हणे, आता पाह्य, मी हे करत होतो."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्या दिवशी घरी आल्यावर जेवले नाही. मी म्हटलं, फळी कोणी केली थे खरं सांगा. म्हणे, सुतारानं केली. मंग खोटं काहून बोलले तुम्ही? म्हणे, चार लोकायत साहेबाची इज्जत गेली असती."

त्या मला दोष देत नव्हत्या. रागही दिसत नव्हता. कोणी तरी आजारपणाची हकीकत सांगावी तशा सांगत होत्या. मला वाटलं उठून निघून जावं. तेवढ्यात भाऊ पिठाचा डबा घेऊन आले. मला पाहून डबा खाली ठेवला, हात झटकले.

"कधी आले जी?"

मी घाबरून तो रूळच पुढं केला. त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला, बोटानं बाक चाचपला. "जागा नाही ठेवली."

"नाही ठेवली," मी म्हणालो. आणि मग म्हणालो, "भाऊ, मी त्या दिवशी चुकलो."

ते माझ्याकडे पाहत होते. पुढं बोलावंच लागलं. "वळण मी टाकलं म्हणालो. तुम्हाला सुतार म्हटलं. हा म्हटलं." साठी उलटलेल्या माणसाला असं बोलताना किती विचित्र वाटतं ते मी सांगू शकत नाही.

"हो," भाऊ म्हणाले. "चुकलेच तुम्ही."

मला वाटत होतं ते 'जाऊ द्या जी' म्हणतील. मी त्याचीच वाट पाहत होतो. ते म्हणाले नाहीत. रूळ माझ्या हातात परत दिला आणि शांतपणे समजावून सांगितलं की सारं उखडू नका, दर फुटाला करवतीनं एक काप घ्या, पोस्टकार्डाएवढा, पण दुपारी कापू नका, सकाळी गार असताना कापा. मी मान हलवत राहिलो.

"याल का भाऊ? एकदा पाहायला?"

"नाही जी," ते म्हणाले. "आता नाही."

चहा झाला. ते मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले, ऑटो थांबवून दिला. त्यामुळं मला जास्तच वाईट वाटलं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही तीस वर्षं सह्यांचं रडगाणं गायले माह्यापुढं." ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मी पेपरला फोन केला. तिथल्या मुलीनं नीट ऐकून घेतलं आणि बातमी फार जुनी झाली, आता काही करता येणार नाही म्हणाली. मग पुण्याच्या इंजिनियर साहेबांचा नंबर मिळवला. तो फोन करायला मला आठ दिवस लागले. मी उभ्यानंच बोललो. वळण माझं नाही, त्या ब्रशवाल्या माणसाचं आहे, ते सुतार नाहीत, ते तुमच्याच रेल्वेतले कीमन आहेत, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. मग ते एवढंच म्हणाले, "त्यांचा नंबर द्या." माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. फोन ठेवताना नमस्कारही नाही.

पावसाळ्यात ते नागपुरात आले तेव्हा त्यांनी इथल्या छंदवाल्यांना एका घरी जमवलं आणि भाऊंना बोलावलं. मला निरोप नव्हता. मला दुसऱ्याकडून कळलं आणि मी गेलो, मागं दाराजवळ बसलो. भाऊ तासभर उभं राहून बोलले. हातोड्याच्या आवाजावरून सैल चावी कशी ओळखायची, थंडीत रूळ कुठं तडकतो, पहाटे धुक्यात समोरून गाडी आली तर काय करायचं. माणसं वहीत लिहून घेत होती. साहेब पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. कोणी तरी विचारलं, छोटं मॉडेल करायला कुठं शिकलात? भाऊ म्हणाले, "प्रताप नगरात एका घरी." त्यांनी मला पाहिलं होतं. मान हलवली, बाकी काही नाही. आता त्या मंडळींपैकी दोघांच्या घरी ते लाइन टाकायला जातात असं ऐकतो. माझ्याकडे आले नाहीत.

दिवाळीच्या आधी एका दुपारी दार वाजलं. भाऊंच्या पत्नी आल्या होत्या, बरोबर त्यांची बहीण. "हिले दाखवाची होती," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "प्रदर्शनात मले काही नीट पाहाले भेटलं नाही."

मी त्यांना वर नेलं. खिडक्या उघडल्या, गाडी सोडली. इंजिन स्टेशनातून निघालं, वळणावर गेलं, हलकंसं आत झुकलं आणि बाहेर पडलं. बहीण हसली. "अवं, पडत नाही वं!" ती म्हणाली.

"यातलं आमच्या यायचं कोणतं?" भाऊंच्या पत्नीनं मला विचारलं.

मी बोटानं दाखवलं. "हे इथून. हे सगळं वळण, फलाटाच्या शेवटापर्यंत."

"आणि मंग?"

"तिथून पुढं माझं."

"हात लावू का?"

"लावा."

त्यांनी वाकून एक बोट रुळावर ठेवलं आणि अगदी हळू, वळणावरून फिरवत नेलं. फलाटाच्या शेवटी जॉइंट आला तिथं थांबल्या आणि बोट उचललं. माझ्या रुळाला हात लावला नाही. मी करवतीनं मारलेले काप तिथं दिसत होते, वेडेवाकडे.

खालून बायकोनं त्या दोघींना हाक मारली. तिनं तर्री-पोहे केले होते. दोघी जिना उतरून गेल्या. खालून तिघींचं बोलणं ऐकू येत होतं, मध्येच हसणं. मला कोणी बोलावलं असतं तर गेलो असतो की नाही, माहीत नाही. मी वरच थांबलो, गाडी बंद केली आणि रूळ पुसत बसलो.